दोन मार्कांचा प्रश्न



आमच्या शाळेत जगाचा एक मोठा नकाशा होता. कापडावर चिकटवलेला, वर-खाली लाकडी दांडी असलेला. रोज गुंडाळून आणि उलगडून तो आफ्रिकेच्या बरोबर मध्यावर विरला होता, आणि व्हिक्टोरिया सरोवर होतं नेमकं तिथं एक भोक पडलं होतं. गुरुजी छडीचं टोक त्या भोकावर ठेवून विचारायचे, ‘नाईल नदीचा उगम कोणी शोधला?’ आम्ही एका सुरात ओरडायचो, ‘स्पीकनं!’ दोन मार्कांचा प्रश्न होता तो. हमखास यायचा.

त्या स्पीकच्या तांड्यात ‘बॉम्बे’ नावाचा एक माणूस होता, हे मला कळायला पन्नाशी उलटावी लागली. पूर्ण नाव सिदी मुबारक बॉम्बे. सिदी म्हणजे आपल्या मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी म्हणतो ना, तोच शब्द. आफ्रिकेतून इकडे आलेल्या माणसाला आपल्या किनाऱ्यावर तो लागायचा.

हा मुबारक १८२०च्या सुमारास आजच्या टांझानिया आणि मोझांबिकच्या सीमेजवळ याओ जमातीत जन्मला. लहान असतानाच गुलामांचे व्यापारी गावावर चालून आले. पोराला किनाऱ्यावर नेलं आणि कापडाच्या बदल्यात विकलं. तिथून जहाजानं हिंदुस्थानात, आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे. वर्षानुवर्षं त्यानं इथं गुलामी केली. मालक वारला तेव्हा तो सुटला आणि झांझिबारला परतला. सुटताना त्याच्याजवळ दोन गोष्टी होत्या : एका शहराचं नाव आणि हिंदुस्तानी भाषा. आईनं ठेवलेलं नाव मात्र वाटेतच कुठेतरी गळून पडलं होतं.

नावाचं मला जरा जास्तच सुचतं, याला कारण आहे. आयुष्यभर मी मराठीत कविता लिहीत आलो, आणि अजूनही एखाद्या कार्यक्रमात माझं नाव पुकारल्यावर कोणीतरी कौतुकानं विचारतंच, ‘अहो, इतकं चांगलं मराठी कुठं शिकलात?’ मी म्हणतो, ‘आईकडं.’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण नाव एकीकडं आणि माणूस दुसरीकडं, ही गंमत मला ओळखीची आहे. म्हणून या मुबारकच्या मागं मी जरा लागलो.

१८५६च्या डिसेंबरात बर्टन आणि स्पीक हे दोन इंग्रज अधिकारी झांझिबारला आले. आफ्रिकेच्या पोटात मोठी सरोवरं आहेत असं अरब व्यापारी सांगत. ती बघायची आणि जमल्यास नाईलचं मूळ गाठायचं, असा बेत होता. दोघंही हिंदुस्थानातल्या फौजेतले. बर्टन तर भाषांचा राक्षस. मुंबई इलाख्यात असताना त्यानं मराठीची परीक्षासुद्धा दिली होती. स्पीकचं तसं नव्हतं. त्याला ना अरबी येत होती, ना स्वाहिली. येत होती ती शिपायांशी बोलायची हिंदुस्तानी. किनाऱ्याजवळच्या सुलतानाच्या एका ठाण्यावर त्यांना हा मुबारक शिपाई म्हणून भेटला, हिंदुस्तानी बोलणारा. स्पीकला जणू जीभच मिळाली.

श्रोतेहो, जरा डोळ्यांसमोर आणा. आफ्रिकेचं रान आहे. स्पीक हिंदुस्तानीत विचारतो, ‘पुढं पाणी आहे का?’ मुबारक ते स्वाहिलीत कोणाला तरी विचारतो, तो तिथल्या बोलीत गावकऱ्याला विचारतो, आणि उत्तर त्याच पायऱ्या चढत परत येतं. नाईलच्या उगमाचा माग लागला तो असा, आपल्या बाजारात चालणाऱ्या भाषेत. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात हे असतं तर मी तो विषय जास्त मन लावून केला असता.

किनाऱ्यावरून निघून साडेसात महिन्यांनी, फेब्रुवारी १८५८ मध्ये, ते टांगानिका सरोवराशी पोचले. जवळजवळ पावणेसातशे किलोमीटर लांब आणि चौदाशे मीटरांहून खोल असं हे सरोवर. खोलीत त्याच्यापुढं जगात एकटं बैकल. पण ते बघायला आलेल्यांची अवस्था काय होती? तापानं बर्टनचे पाय गेले होते, त्याला उचलून न्यावं लागत होतं. स्पीकचे डोळे आले होते, त्याला जवळपास दिसत नव्हतं. एका टेकडीवरून बर्टननं मुबारकला विचारलं की खाली चमकतंय ती रेघ कसली? मुबारक म्हणाला, मला वाटतं ते पाणी असावं. हे खुद्द बर्टननंच लिहून ठेवलंय. एक लंगडा, एक आंधळा आणि तिसरा सांगतोय की पाणी आहे. शोध कोणी लावला, ते तुम्हीच ठरवा.

परतीच्या वाटेवर बर्टन आजारी म्हणून मागं थांबला आणि स्पीक मुबारकला घेऊन उत्तरेकडं गेला. ३ ऑगस्ट १८५८ला त्याला दुसरं सरोवर दिसलं. आजच्या मोजमापानं ते ६८ हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे. महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा त्यात सहज बुडेल. स्पीकनं त्याला आपल्या राणीचं नाव दिलं. काठावरच्या लोकांनी त्याला नावं दिलेलीच होती. बुगांडाचे लोक त्याला ‘नालुबाले’ म्हणत, आजही म्हणतात. पण ती नावं आमच्या नकाशावर नव्हती. भोकाच्या बाहेरसुद्धा नव्हती.

बर्टननं स्पीकचं म्हणणं मानलं नाही. म्हणून स्पीक पुन्हा आला, ग्रँट नावाच्या सोबत्याला घेऊन, आणि मुबारक पुन्हा बरोबर. २८ जुलै १८६२ रोजी सरोवरातून पांढरी नाईल बाहेर पडते त्या धबधब्याशी स्पीक उभा राहिला. आनंदानं त्यानं आपल्या माणसांना सांगितलं, डोकी भादरा आणि या पवित्र नदीत स्नान करा, हजरत मूसांचा पाळणा हिच्याच पाण्यावर तरंगला होता. यावर मुबारकनं दिलेलं उत्तर मला फार आवडतं. त्याचा आशय असा की, साहेब, आम्ही मुसलमान. तुमच्यासारखं काव्यमय आम्हाला सुचत नाही. रोजचं जगणं आम्हाला पुरतं. बरं झालं तरी देवाची मर्जी, वाईट झालं तरी त्याचीच. हजारो मैल चाललेला माणूस उगमाशी उभा राहून हे बोलतो. साहेबाला बहुधा वाटलं असेल, गड्याला महत्त्व कळलं नाही. मी कवी असून सांगतो, त्या क्षणी काव्य करायला पोटात अन्न आणि पायात जोडे लागतात.

त्या धबधब्याला स्पीकनं नाव दिलं रिपन, लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे अध्यक्ष राहिलेल्या लॉर्ड रिपनचं. हेच रिपन १८८०मध्ये आपले व्हाइसरॉय झाले. नगरपालिकांच्या इतिहासात त्यांचं नाव आपण वाचतो. धबधबा मात्र आता नाही. १९५४ साली खालच्या बाजूला धरण झालं आणि तो पाण्याखाली गेला.

या कामगिरीबद्दल सोसायटीनं मुबारकला रुप्याचं पदक दिलं. दुसरी खूण स्पीकनं स्वतः दिली. कशावरून तरी चिडून त्यानं ठोसा मारला आणि मुबारकचे पुढचे दात पडले. हे स्टॅन्लीनं नोंदवलंय, आणि तेही अशा सुरात की शिक्षा गरजेचीच होती. कारण १८७१ साली स्टॅन्ली निघाला तेव्हा त्याच्याही तांड्याचा नायक मुबारकच होता. स्टॅन्ली कोणाला शोधायला निघाला होता, ते तुम्हाला ठाऊकच आहे : डॉक्टर लिव्हिंग्स्टनना. उजिजी गावात दोघांची भेट झाली, तिथं बोललेलं वाक्य जगभर गाजलं. त्या वाक्यापर्यंत स्टॅन्लीचा तांडा ज्यानं आणून पोचवला, तो दात पडलेला माणूस शेजारीच कुठंतरी असणार.

आता मी तुम्हाला नाशिकला आणतो. मी तिथलाच. शरणपूर रोडवरून माझी कितीतरी वर्षं जा-ये झाली. बँक तिथं, दवाखाना तिथं. शरणपूर हे नाव का, असं कधी मनात आलं नाही. तर तिथं चर्च मिशनरी सोसायटीनं एक आश्रम काढला होता. अरबी समुद्रात गुलामांची जहाजं पकडली की सुटलेल्या आफ्रिकन मुलांचं करायचं काय, हा प्रश्न असे. त्यातली काही मुलं नाशिकला धाडली जात. तिथं त्यांना लिहायला-वाचायला शिकवत, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवत. नव्या देवाबरोबर नवी नावंही देत. इंग्रजी पुस्तकांत ही मुलं ‘नासिक बॉईज’ म्हणून येतात.

लिव्हिंग्स्टन १८६४ साली झांझिबारहून एक लहानशी आगबोट स्वतः हाकत मुंबईला आले, ४५ दिवसांत. बरोबर सुसी, अमोडा आणि चुमा हे आफ्रिकन सोबती होते. चुमाला त्यांनी डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावानं आहे तेच हे विल्सन. सुसी आणि अमोडानं मुंबईच्या गोदीत काम केलं. मग १८६६च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन शेवटच्या सफरीला निघाले तेव्हा हे तिघं आणि नाशिकची नऊ मुलं बरोबर होती. नाशिककरांबद्दल लिव्हिंग्स्टननी डायरीत तक्रारीच जास्त केल्यात, आळशी आहेत वगैरे. खरंही असेल. उत्साहानं कोण चालणार, आणि कोणाच्या उगमासाठी? नऊ जणांपैकी दोघंच शेवटपर्यंत टिकले. पुढं १८७२ साली नाशिकच्या आणखी काही तरुणांची कुमक आली. त्यात जेकब वेनराइट होता.

१ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियात, बांगवेउलू सरोवराजवळच्या चितांबोच्या गावात लिव्हिंग्स्टन वारले. नाईलचा उगम शेवटपर्यंत ते चुकीच्या जागी, फार दक्षिणेला शोधत राहिले. आता सोबतीची माणसं मोकळी होती. प्रेत पुरून, सामान वाटून घेऊन घरी गेली असती तरी कोण विचारणार होतं? पण सुसी आणि चुमा यांनी ठरवलं की डॉक्टरांना त्यांच्या माणसांकडं न्यायचं. काळीज एका झाडाखाली पुरलं. देहाला मीठ लावून दोन आठवडे उन्हात वाळवला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीत बांधला, आणि निघाले. पुढं हजार मैलांवर समुद्र.

वाटेत एका ठिकाणी लोकांनी अडवलं. प्रेत आमच्या मुलखातून न्यायचं नाही, म्हणाले. तेव्हा या मंडळींनी काय करावं? ज्वारीची ताटं कापून प्रेताच्या आकाराची एक मोळी बांधली, तिच्यावर कापड गुंडाळलं आणि सहा जण ती खांद्यावर घेऊन मागं फिरले, सगळ्यांदेखत. जंगलात शिरल्यावर कडबा फेकला आणि हळूच परत आले. खरा देह कापडाच्या गठ्ठ्यासारखा बांधून पुढं निघून गेला. या तांड्यात अमोडाची बायको हलिमा होती, डॉक्टरांचा स्वयंपाक करणारी. तीही चालत होती.

ऑक्टोबरमध्ये टबोराजवळ त्यांना कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला, लिव्हिंग्स्टनच्याच मदतीला निघालेला. प्रेत इथंच पुरा, असा त्यानं सल्ला दिला. त्यांनी साफ नाकारलं. आणि कॅमेरॉनच्या तांड्याचा नायक कोण होता? आपला मुबारक बॉम्बे. आफ्रिकेच्या ऐन मध्यावर एक बॉम्बे नावाचा माणूस, आणि समोर मुंबईच्या गोदीत राबलेले, नाशिकला शिकलेले लोक. चहाच्या वेळी हिंदुस्तानीत दोन शब्द झाले असतील, असं माझं मन म्हणतं.

फेब्रुवारी १८७४मध्ये देह बागामोयोच्या किनाऱ्यावर पोचला. लंडनमध्ये जुन्या सिंहाच्या चाव्यानं मोडलेल्या हाताच्या हाडावरून ओळख पटवली. १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं तेव्हा पेटीला हात लावणाऱ्यांत नाशिकचा जेकब वेनराइट होता. सुसी आणि चुमा नव्हते. त्यांच्या प्रवासाची सोय वेळेत कोणी केली नाही. ते नंतर गेले आणि डॉक्टरांच्या डायऱ्या लावायला मदत करून परतले. चुमा १८८२ला गेला, सुसी १८९१ला, दोघंही झांझिबारमध्ये. मुबारक तर कॅमेरॉनबरोबर अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत आफ्रिका आडवी चालला. १८७६मध्ये सोसायटीनं त्याला पेन्शन दिली, १८८५ला तो वारला.

चितांबोच्या त्या झाडावर, काळीज पुरलं तिथं, जेकबनं लिव्हिंग्स्टनचं नाव कोरलं होतं. पुढं झाड पोखरलं तेव्हा तो तुकडा कापून लंडनला नेला. सोसायटीकडं तो ठेवलेला आहे. त्यावरचं अक्षर शरणपूरला गिरवलेलं आहे.