आयुष्याची दोरी



आयुष्याची दोरी आपल्या हाती नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते.

फिनलंडच्या पूर्व सीमेवर उत्तर कारेलिया हा जंगलाचा प्रांत आहे. लाकूडतोडे, गुरे पाळणारे, अंगमेहनतीचे लोक. तरीही १९७० च्या सुमारास तेथील कर्ते पुरुष हृदयविकाराने ऐन उमेदीत जात होते. पावावर लोण्याचा थर, मीठ भरपूर, भाजी नावापुरती आणि निम्मे पुरुष सिगारेट ओढणारे. अखेर लोकांनीच सरकारकडे अर्ज केला. १९७२ मध्ये डॉ. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली काम सुरू झाले.

नुसत्या गोळ्या वाटल्या नाहीत. ‘मार्था’ या गृहिणींच्या संघटनेने गावोगाव स्वयंपाक करून दाखवला; पदार्थ नेहमीचेच, पण मीठ-चरबी कमी, भाजी जास्त. सिगारेट सोडण्याच्या तर गावागावांत स्पर्धा लागल्या! पुढच्या साडेतीन दशकांत ३५ ते ६४ वयाच्या पुरुषांतील हे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. नव्या औषधांचा वाटा आहेच, पण मोठा वाटा बदललेल्या सवयींचा.

आपल्या ताटात एवढे लोणी कुठले, असे कोणी म्हणेल. कबूल. पण लोणचे, पापड, खारे सुके बोंबील? मीठ दिवसाला माणशी ५ ग्रॅमच्या आत हवे, म्हणजे सपाट चमचाभरही नाही. आणि खिशातली पुडी? व्यसनमुक्तीवर बोलून बाहेर येताच आम्ही कार्यकर्तेच तंबाखू मळतो. मुले ते पाहतात.

पुढच्या कार्यक्रमाच्या जेवणाचा बेत महिला मंडळाने ठरवावा. पुडी मात्र आम्ही आत्ताच या टेबलावर ठेवतो आहोत.