सावलीची चाहूल

दाट पेरलेली रोपं शिडशिडीत का वाढतात? हिरवी पानं लाल प्रकाश शोषतात; त्यापलीकडचा, सुमारे 730 नॅनोमीटरचा अतिलाल प्रकाश मात्र बराचसा परतवतात. लाल घटला, अतिलाल वाढला, की फायटोक्रोम-बी या प्रथिनाला शेजाऱ्याची चाहूल लागते, तीही सावली पडण्याआधीच.

उन्हात हे प्रथिन ‘पिफ’ प्रथिनांना आवरून धरतं. सावलीत पकड सुटते. मग पिफ प्रथिनं ऑक्सिन हे संप्रेरक तयार करणारी जनुकं चालू करतात आणि खोड लांबतं. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिसमध्ये एचएफआर-वन हे जनुकही तेव्हाच जागं होऊन या वाढीला लगाम घालतं.

बारीक, उंच खोड वाऱ्यात लोळतं. म्हणून विरळणी वेळेवर करा.