गळ्यातला रुमाल



आज आपण एका रुमालाविषयी बोलू. स्काऊटच्या मुलांच्या आणि गाईडच्या मुलींच्या गळ्यात असतो ना, तो रुमाल. पूर्वी त्यांना बालवीर आणि वीरबाला म्हणत.

आम्ही नवलाख उंबरे गावी हेडमास्तर होतो, तेव्हाची गोष्ट. भाताची लावणी चालली होती. एक पोरगा बांधावरून घसरला. हात मोडला. माणसं जमली. कोणी म्हणे, चोळा. कोणी म्हणे, ओढून सरळ करा. तेवढ्यात आमच्या शाळेतली एक गाईड मुलगी पुढं आली. "ओढू नका," म्हणाली. तिनं गळ्यातला तिकोनी रुमाल सोडला. त्याची झोळी केली. मोडका हात अलगद झोळीत ठेवला आणि मानेपाशी गाठ मारली. मग पोराला दवाखान्यात नेलं.

मुलीचे वडील तिथंच उभे होते. "मुलीच्या जातीला शिबिर कशाला?" असं म्हणून त्यांनी आमचा कागद दोनदा परत पाठवला होता.

ही विद्या आली कुठून? १९०७ साली इंग्लंडात बेडन-पॉवेल या लष्करी अधिकाऱ्यानं मुलांचं पहिलं शिबिर भरवलं. १९०९ साली ही चळवळ हिंदुस्थानात आली. पण पथकात फक्त गोरी आणि अँग्लो-इंडियन मुलं घेत. आपल्या मुलांना दार बंद!

आपली माणसं रडत बसली नाहीत. मद्रासेत अॅनी बेझंट बाईंनी हिंदी मुलांची संस्था काढली. अलाहाबादेत पंडित मालवीय, श्रीराम वाजपेयी आणि हृदयनाथ कुंझरू यांनी पथकं उभी केली. हे कुंझरू म्हणजे नामदार गोखल्यांनी पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाचे. स्वराज्य आल्यावर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, मुलांच्या संस्था एक झाल्या. १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची संस्थाही त्यांत मिळाली. तीच ही भारत स्काऊट्स आणि गाईड्स. पुढं १९६६ साली गाईडचं जागतिक केंद्र आपल्या पुण्यातच उघडलं. त्याचं नाव 'संगम'. देशोदेशीच्या मुली तिथं येऊन राहिल्या.

परक्यांनी लावलेलं दार आपण उघडलं. मग आपल्याच लेकीला आपण दार लावायचं का?

त्या वडिलांनी तिसऱ्यांदा कागद मागून घेतला. अंगठा उठवला नाही, सही केली. साक्षरता वर्गात गिरवलेली ती सही होती.

तुमच्या घरी असा कागद आला, तर तो नीट वाचा. आणि सही करा.