घोडी विकली, विम्याचं काय?

 

मागच्या भागात आपण गाई-म्हशींच्या विम्याबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, "ताई, आमच्याकडं गाय नाही, घोडी आहे. घोडीचा विमा असतो का? आणि मधेच घोडी विकली तर भरलेला हप्ता बुडाला का?" आजचं बोलणं यावरच आहे. वही-पेन जवळ असू द्या.

घोडं म्हटलं की लोकांना वरातीतलं नाचरं घोडं आठवतं. पण आपल्याला ठाऊक आहे, घोडी म्हणजे कितीतरी घरांची चूल आहे. मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या कुटुंबाचं अख्खं बिऱ्हाड घोडीच्या पाठीवर असतं. भांडी, वाघर, कोंबड्या, तान्ही लेकरं, नुकती जन्मलेली कोकरं, सगळं तिच्यावरच. माथेरानला मोटारगाड्यांना बंदी आहे, तिथं घोड्यावर कितीतरी घरं चालतात. वीटभट्टीवर तट्टू आणि खेचरं राबतात. असं जनावर गेलं तर नुसते पैसे जात नाहीत, घराची चालच थांबते. म्हणून विमा.

घोडा, गाढव, खेचर यांचाही विमा उतरतो. राष्ट्रीय पशुधन अभियानात ही जनावरं धरलेली आहेत. २०२४ साली केंद्र सरकारनं त्यात बदल केला. आता हप्त्यातला १५ टक्के वाटा आपण भरायचा, उरलेला केंद्र आणि राज्य मिळून भरतात. आपल्या तालुक्यात ही योजना सध्या चालू आहे का, हे पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. अनुदान नसेल तर विमा कंपनीकडून पूर्ण हप्ता भरून पॉलिसी घेता येते.

आता मुद्द्याकडं येऊ. घोडीचा एक वर्षाचा विमा काढला. चार-पाच महिन्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेत चांगला भाव आला आणि घोडी विकली. पॉलिसी अजून आपल्या नावावर आहे. बाई म्हणते, "राहू दे, संपेल आपोआप." इथंच नुकसान होतं. घोडी दुसऱ्याच्या दावणीला गेली की त्या पॉलिसीचा आपल्याला उपयोग नाही. उद्या ती दगावली तरी दावा आपल्याला मिळणार नाही, कारण जनावर आपलं राहिलेलं नाही. आणि ज्यानं घेतली त्यालाही मिळणार नाही, कारण कागदावर त्याचं नाव नाही. म्हणजे उरलेल्या महिन्यांचा हप्ता दोघांच्याही कामाचा राहत नाही.

यावर दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, पॉलिसी घेणाऱ्याच्या नावावर करायची. सरकारी योजनेतल्या विम्यात जनावर विकलं तर उरलेल्या मुदतीचा हक्क नव्या मालकाकडं देण्याची सोय ठेवलेली आहे. त्यासाठी विक्रीची पावती लागते आणि कंपनीला लेखी कळवावं लागतं.

दुसरा रस्ता, पॉलिसी रद्द करायची आणि उरलेल्या दिवसांचा हप्ता परत मागायचा. हे आपल्या हक्काचं आहे. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था आहे, तिला आयआरडीएआय म्हणतात. तिनं जून २०२४ मध्ये सर्वसाधारण विम्याचे नियम सोपे केले. त्याप्रमाणे स्वतःच्या नावावर पॉलिसी घेतलेला ग्राहक ती कधीही रद्द करू शकतो. कारण सांगायची सक्ती नाही. पॉलिसी एक वर्षाची किंवा कमी मुदतीची असेल आणि त्या मुदतीत दावा केलेला नसेल, तर जितके दिवस उरले त्या प्रमाणात हप्ता परत द्यायचा. पॉलिसी दोन-तीन वर्षांची असेल, तर ज्या वर्षाचं संरक्षण अजून सुरूच झालेलं नाही, त्या वर्षाचा हप्ता परत द्यायचा.

पूर्वी कंपन्यांकडं एक कोष्टक असायचं. सहा महिने झाले की निम्म्यापेक्षा बराच जास्त हप्ता कापून घ्यायचे. म्हणून गावात अजून म्हणतात, "परत काय मिळायचं नाही." तुमची पॉलिसी नव्या नियमानंतरची असेल तर ते ऐकून गप्प बसू नका.

आता हिशेब घालू. समजा, हप्ता २,४०० रुपये होता आणि तो सगळा तुम्हीच भरला. पॉलिसी सुरू होऊन १४६ दिवस झाले. वर्षाचे दिवस ३६५. त्यातून १४६ वजा केले, उरले २१९. आता २,४०० ला ३६५ नं भागायचं आणि २१९ नं गुणायचं. येतात १,४४० रुपये. एवढी रक्कम कुणी सोडून देतं का?

पण तीच पॉलिसी अनुदानाची असेल तर? २,४०० च्या १५ टक्क्यांप्रमाणे तुम्ही भरले फक्त ३६० रुपये. बाकीचा वाटा सरकारचा, तो आपला नाही. तुमच्या वाट्याचे उरतात २१६ रुपये. तेवढ्यासाठी तालुक्याला दोन खेपा घातल्या तर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरीच जास्त होते. त्यापेक्षा सौदा करतानाच सांगा, "घोडीला विमा आहे, तो तुमच्या नावावर करून देते." घोडीचा भावही बरा येतो. म्हणून आधी पॉलिसी कुठली ते बघा, मग रस्ता निवडा.

आता चार गोष्टी नीट लक्षात ठेवा.

एक. घाई करू नका. इसार घेतला म्हणजे विक्री झाली असं नाही. सौदा ठरला, पण घोडी अजून आपल्या दारात आहे आणि रात्रीत पोटशूळ उठला, तर नुकसान कुणाचं? आपलं. म्हणून पूर्ण पैसे हातात, घोडी घेणाऱ्याच्या हातात, तारखेची पावती झाली, की मगच रद्द करायचा अर्ज.

दोन. घोडी गटाच्या कर्जातून किंवा बँकेच्या कर्जातून घेतली असेल तर पॉलिसीवर बँकेचं नाव असू शकतं. मग आधी बँकेला विचारावं लागतं, आणि परत आलेले पैसे कर्जखात्यात जमा होऊ शकतात. तेही वाईट नाही, कर्ज तेवढं कमी होतं. पण गटाच्या वहीत त्याची नोंद झाली पाहिजे.

तीन. पॉलिसी कुणाच्या नावावर आहे? बायांनो, हे मी दरवेळी सांगते. घोडीला चारा-पाणी तुम्ही करता, हप्ता गटाच्या बचतीतून तुम्ही भरता, आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. परत येणारा पैसा ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याच्याच खात्यात जातो. दावा मंजूर झाला तरी तसंच. पुढच्या वेळी फॉर्म भरताना नाव तुमचं आणि खातं तुमचं, एवढं बघा.

चार. काही झालं नाही म्हणून विमा रद्द करू नका. "सहा महिने झाले, घोडीला साधा ताप आला नाही, पैसे वाया गेले," असं म्हणणाऱ्या बऱ्याच भेटतात. विमा म्हणजे भिशी नाही की आपला नंबर लागलाच पाहिजे. पैसे नडले म्हणून हजार-चौदाशे रुपयांसाठी साठ हजारांच्या घोडीवरचं छत्र काढू नका. त्या अडचणीसाठी गटाकडं मागा, अंतर्गत कर्ज असतंच. रद्द करायचं ते जनावर आपलं राहिलं नाही तर, किंवा चुकून एकाच घोडीच्या दोन पॉलिसी झाल्या तर.

आता अर्ज. मी सावकाश सांगते, लिहून घ्या.

"मा. शाखा व्यवस्थापक यांस. विषय: पशुविमा पॉलिसी रद्द करून उर्वरित मुदतीचा हप्ता परत मिळणेबाबत. महोदय, माझ्या नावे आपल्या कंपनीची पॉलिसी आहे." इथं पॉलिसी नंबर आणि मुदत कुठून कुठपर्यंत ते लिहा. घोडीचा रंग, खुणा, वय, आणि बिल्ला किंवा चिप असेल तर तिचा नंबर. पुढं, "सदर घोडी मी अमुक तारखेला विकली आहे. या पॉलिसीवर मी कोणताही दावा केलेला नाही. तरी पॉलिसी रद्द करून उर्वरित दिवसांचा हप्ता माझ्या खात्यात जमा करावा व हिशेब लेखी द्यावा." खाली नाव, सही किंवा अंगठा, तारीख.

सोबत पॉलिसीची झेरॉक्स, विक्रीची पावती, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि आधारची झेरॉक्स. अर्जाच्या दोन प्रती करा. एक त्यांना द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन घरी आणा. "ठेवून जा, बघतो," असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा, "साहेब, पोच द्या, मग जाते." एजंटाच्या हातात कोरा सही केलेला कागद देऊ नका.

पैसे नाही आले तर? आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार. आयआरडीएआयचा फोन आहे १५५२५५, त्याला पैसे पडत नाहीत. तिथं तक्रार नोंदवून नंबर लिहून घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल आहेत. पुण्यात आणि मुंबईत त्यांची कार्यालयं आहेत. तिथं फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीनं नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

येत्या बैठकीत एक काम करा. ज्यांच्या जनावराचा विमा आहे त्यांनी पॉलिसीचा कागद घेऊन या. शाळेत जाणाऱ्या मुलीला बसवा आणि मोठ्यानं वाचायला लावा. नाव कुणाचं, मुदत कधी संपते, अनुदान आहे की नाही, बँकेचं नाव आहे का. चार रकाने आखा आणि गटाच्या वहीत मांडून ठेवा. ज्या बहिणी मेंढरांमागं दूर आहेत त्यांनी कागदाचा फोटो गटाच्या अध्यक्षांना पाठवून द्या. पावसात भिजलेल्या पॉलिसीपेक्षा मोबाईलमधला फोटो बरा.

पुढच्या भागात बोलू, जनावर दगावलं तर पहिल्या दिवशी काय करायचं यावर. तोवर स्वतःला जपा, जनावरांना जपा. नमस्कार.