‘लाइक’ची कळ आणि दुकानाचा उंबरठा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या ज्ञातीतील अनेक कुटुंबांचा चरितार्थ व्यापारावर चालतो, आणि पेढीबरोबर संकेतस्थळही उघडण्याकडे तरुण मंडळींचा ओढा दिसतो. त्यावर ‘लाइक’, ‘शेअर’ या कळा बसवाव्यात काय, असे आम्हांस वारंवार विचारण्यात येते. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे.

फेसबुकने ‘लाइक’ची कळ २००९ साली प्रथम स्वतःच्या पानांवर आणली, व एप्रिल २०१० मध्ये ती इतरांच्या संकेतस्थळांसही मोफत देऊ केली. (मोफत हा शब्द ऐकून व्यापाऱ्याने तरी सावध व्हावयास हवे होते.) दुकानदाराने संगणकीय आज्ञांच्या काही ओळी आपल्या पानात घालावयाच्या, एवढेच काम. परंतु पान उघडताच ग्राहकाचा ब्राउझर ती कळ आणण्यासाठी परस्पर फेसबुककडे मागणी धाडी. कोणते पान उघडले, कोणत्या आयपी पत्त्यावरून उघडले, हे त्या मागणीबरोबर जाई. फेसबुकने पूर्वी ठेवलेली ‘कुकी’ नामक खूण असल्यास तीही जाई. कळ दाबण्याची गरजच नव्हती! आपल्या उंबरठ्यावर परक्या पेढीचा कारकून वही घेऊन बसावा, आणि आत शिरणाऱ्या प्रत्येकाची त्याने नोंद करावी, असाच हा प्रकार.

जर्मनीतील ‘फॅशन आयडी’ या कपड्यांच्या ऑनलाइन दुकानावर तेथील एका ग्राहकसंस्थेने याच कारणास्तव दावा लावला. २९ जुलै २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की, माहिती गोळा करून पाठविण्यापुरता दुकानदारही फेसबुकबरोबर जबाबदार आहे; पुढे फेसबुक तिचे काय करते, त्याचा भार मात्र त्याच्यावर नाही. आम्हांस हा निर्णय न्याय्य वाटतो. कारकुनाला जागा दुकानदारानेच दिली होती.

लाभ मुळीच नव्हता, असे नाही. कळ दाबणाऱ्याच्या मित्रांस ती वस्तू दिसे, आणि आकडा वाढे. पण आकडा म्हणजे गल्ला नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने व्यापारी मजकुरापेक्षा आप्तमित्रांच्या मजकुरास अग्रक्रम देण्याचे जाहीर केले; मग वर्षानुवर्षे ‘लाइक’ जमविणाऱ्यांना आपल्याच चाहत्यांपर्यंत पोहोचण्यासाठी जाहिरातीचे पैसे मोजणे भाग पडू लागले.

जर्मनीच्याच ‘हाइज़े’ या प्रकाशनाने २०११ साली तोड काढली. पानावर केवळ निर्जीव चित्र ठेवावयाचे, आणि वाचकाने ते दाबल्यावरच खरी कळ जागी व्हावयाची. साधा दुवा ठेवल्यानेही काम भागते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये फेसबुकच्या चालकांनी, बाहेरच्या संकेतस्थळांवरील ही कळ १० फेब्रुवारी २०२६ पासून बंद करण्याचे घोषित केले. तथापि त्याच कंपनीचा ‘पिक्सेल’ तेच नोंदीचे काम करतो, आणि तो डोळ्यांस दिसतही नाही. तेव्हा ज्यांची संकेतस्थळे आहेत त्यांनी घरी जाताच, ती बांधून देणाऱ्यास इतकेच विचारावे: आमच्या पानांत कोणाकोणाच्या ओळी आहेत, आणि त्या कोणी, कशासाठी घातल्या?