वेग वाढवला, पण संगणक अडखळतोय?


घरच्या संगणकाचा वेग काही जण स्वतःच वाढवतात.
याला म्हणतात ओव्हरक्लॉकिंग.
म्हणजे प्रोसेसरला, कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा, जास्त पळवायचं.

मग एके दिवशी गेम ऐन रंगात येतो...
आणि स्क्रीन निळी होते.
घाबरू नका.
एकच गोष्ट लक्षात ठेवा.
एका वेळी, एकच बदल.

आधी बायोसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जा.
सगळं मूळ सेटिंगवर आणा.
आता संगणक नीट चालला,
तर दोष बहुधा वाढवलेल्या वेगातच आहे.

मग एकेक सेटिंग परत लावून पाहा.
सुरुवात रॅमपासून करा.
रॅमचं एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे तिचा वेग वाढवणारी तयार सेटिंग,
हेही ओव्हरक्लॉकिंगच असतं.
पुष्कळांना हे ठाऊक नसतं.
ते लावा, आणि मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्रॅम, रात्रभर चालू द्या.
एक जरी चूक दिसली,
तरी रॅमचा वेग कमी करा.

त्यानंतर तापमान.
कूलरच्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसतो, आणि प्रोसेसर तापतो.
संगणक बंद करा, प्लग काढा,
आणि मऊ ब्रशने धूळ झाडा.

शेवटी व्होल्टेज.
जास्त वेगाला जास्त व्होल्टेज लागतं.
पण ते फार वाढवलं, तर चिप कायमची बिघडू शकते.
म्हणून आधी वेगच एक पायरी उतरवा.

प्रत्येक बदल वहीत लिहून ठेवा.
आणि पुन्हा सांगते...
एका वेळी, एकच बदल.