हात वर जात नाहीत, असं ती म्हणते तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या आरोग्य शिबिरात केलेल्या मांडणीचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



शिबिराच्या पत्रिकेत या सत्राचं नाव ‘स्नायूंचे आणि सांध्यांचे आजार : नवे संशोधन’ असं छापलंय. ते वाचून दोघीतिघी अंगणात गप्पा मारायला थांबल्या असतील तर मी त्यांना दोष देणार नाही. मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं, आणि गेली दहा वर्षं महिला समुपदेशन केंद्रात काम करते. मग मी या विषयावर का उभी आहे? माझ्या हातून एक चूक झाली म्हणून. ती आपल्यातल्या कुणाच्याही हातून होईल अशी आहे.

चौतीस वर्षांची एक बाई भावाबरोबर केंद्रात आली. तिला विचारूनच हे सांगतेय, पण नाव घेणार नाही. घरच्यांची तक्रार होती की ही कामचुकार झालीय. तिचं म्हणणं असं, की मोरीत उकिडवं बसलं की उठता येत नाही, भिंतीला धरावं लागतं. पाण्याचा हंडा डोक्यावर चढवता येत नाही. मुलीची वेणी घालताना हात वर राहत नाहीत, आपोआप खाली येतात. सासू म्हणायची, सोंग आहे, माहेरी जाऊन आराम करायचाय. नवऱ्यानं दोनदा मारलं होतं.

मी केस लिहून घेतली. ‘घरगुती हिंसा, त्यातून आलेलं नैराश्य.’ नवऱ्याला बोलावलं, संयुक्त बैठक घेतली, लेखी हमी घेतली. हिंसा खरीच होती, त्यामुळे मी केलेलं काम चुकीचं नव्हतं. पण अर्धंच होतं. चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा प्यायलेलं पाणी तिच्या नाकातून येत होतं आणि आवाज बसला होता.

नंतर मी तिचा जुना केस पेपर काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘हात वर जात नाहीत असे म्हणते.’ मी ते वाक्य ऐकलं होतं, लिहिलंही होतं, आणि त्याचा अर्थ लावला होता हतबलता! शरीराबद्दल ती सरळ सांगत होती आणि मी त्यात मन शोधत बसले होते. आपल्या प्रशिक्षणानं आपल्याला एवढं हुशार केलंय.

मधल्या काळात तिनं काय केलं होतं तेही ऐका. एका दवाखान्यात ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. दुसरीकडे सलाइन लावलं. तिसरीकडे रक्त तपासलं तर एस.जी.ओ.टी. आणि एस.जी.पी.टी. वाढलेलं, मग ‘लिव्हरला सूज’ म्हणून तेल-तिखट बंद. ही दोन द्रव्यं फक्त यकृतात नसतात, स्नायू झिजू लागले की तिथूनही रक्तात येतात. पण ते कुणी बघितलं नाही. पापण्या काळपट-जांभळ्या झाल्या होत्या, बोटांच्या पेरांवर चट्टे होते, उन्हात गेलं की गळ्याजवळ आग व्हायची. त्यासाठी मेडिकलच्या दुकानातून गोरं करायची ट्यूब आणली होती. पाठ्यपुस्तकांत या पुरळाचे फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, त्यात तो ठळक जांभळा-लाल दिसतो. आपल्या रंगावर तो नुसता ‘काळवंडली’ असा दिसतो, आणि बाई काळवंडली याचं कुणाला काय!

शेवटी एका मोठ्या सरकारी रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर असलेल्या एका मुलीनं तिला सांगितलं, ‘ताई, खाली बसा आणि हात न टेकता उठून दाखवा.’ तिला उठता आलं नाही. मग सी.पी.के. नावाची रक्ततपासणी केली. तो आकडा साधारण दोनशेच्या आत असावा लागतो, तिचा काही हजारांत होता. आजाराचं नाव निघालं डर्मॅटोमायोसायटिस.

नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, आजार कसा चालतो ते समजून घ्या. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी एक फौज असते. काही कारणानं तिला शत्रू आणि घरचे यांतला फरक कळेनासा होतो आणि ती आपल्याच पेशींवर चालून जाते. सांध्यांवर गेली तर आमवात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस. कातडी, मूत्रपिंड, सगळीकडे पसरली तर ल्युपस. स्नायूंवर गेली तर मायोसायटिस. मायोसायटिस हेही एक कुटुंब आहे, त्यात पाच-सहा निरनिराळे आजार मोडतात. तो दुर्मीळ आहे. पण या सगळ्या आजारांत बायकांची संख्या जास्त आहे. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये एका पुरुषामागे साधारण दोन बायका, ल्युपसमध्ये दहांत नऊ.

आणि दुखणं एकूण किती आहे याचा अंदाज आपल्याच भागातून मिळालेला आहे. १९९६ साली पुणे जिल्ह्यातल्या भिगवण गावात डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटानं घरोघर जाऊन पाहणी केली. चार हजारांहून अधिक प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं, आणि त्यात बायका जास्त होत्या. त्यातलं बरंचसं कष्टाचं आणि वयाचं दुखणं, मायोसायटिस नव्हे. पण एवढ्या मोठ्या दुखण्याच्या गर्दीत खरा घातक आजार लपून राहतो, हे ध्यानात घ्या.

बायकांनाच का, याचं एक उत्तर २०२४ च्या फेब्रुवारीत आलं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हॉवर्ड चँग यांच्या गटानं ते मांडलं. बाईच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यांतलं एक गप्प बसवण्यासाठी शरीर एक रेणू तयार करतं. तो आणि त्याला चिकटलेली प्रथिनं फौजेला चिथावू शकतात, असं त्यांना दिसलं. नर उंदरांत तो रेणू तयार करायला लावला तर तेही मादीसारखे आजारी पडले. हे संशोधन महत्त्वाचं आहे, पण बाहेर सांगताना जपून सांगा. ‘बाईच्या जातीतच खोट’ असं ऐकायला लोक टपलेलेच असतात. हे एक कारण आहे, सगळं कारण नव्हे.

आता उपचारांकडे वळते. मुख्य औषध अजूनही स्टेरॉइड, जोडीला मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिन. स्टेरॉइडनं तोंड सुजतं, वजन वाढतं, म्हणून बायका ते मध्येच सोडतात. ते एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच कमी करायचं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकच दिवस घ्यायचं असतं. चुकून रोज घेऊन माणसं दगावलेली आहेत. आमच्या बाईनं कॅलेंडरवर रविवारांना कुंकवाचं बोट लावून ठेवलंय. आणि मूल हवं असेल तर मेथोट्रेक्सेट आधीच बंद करावं लागतं, ते गर्भाला घातक आहे. अझाथायोप्रिन गरोदरपणात चालू ठेवता येतं. हा फरक बाईला कुणी सांगत नाही. सांगतात थेट, ‘आता मूल विसरा.’ आणि मग दुसऱ्या लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. अशी केस आपल्याकडे आली तर आधी त्या बाईबरोबर डॉक्टरांकडे जा.

नव्या औषधांपैकी एक समजून घेण्याजोगं आहे. हजारो रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिद्रव्यं शिरेतून द्यायची. डॉक्टर हे कितीतरी वर्षं वापरत होते, पण डर्मॅटोमायोसायटिसवर त्याची मोठी, रीतसर कसोटी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ९५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला औषध, दुसऱ्याला औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं द्रव, आणि कुणाला काय मिळतंय हे ना रुग्णाला माहीत ना डॉक्टरला. सोळा आठवड्यांनी औषध घेणाऱ्या गटातल्या ७९ टक्के लोकांत सुधारणा दिसली. दुसऱ्या गटात ४४ टक्के. काहींच्या रक्तात गुठळ्या झाल्या, म्हणून कसोटी चालू असतानाच द्रव सोडण्याचा वेग कमी करण्यात आला.

सुधारणा मोजायची कशी, यात मला फार रस आला. २०१६ मध्ये अमेरिका आणि युरोपातल्या तज्ज्ञांनी मिळून १०० गुणांची मोजपट्टी ठरवली. स्नायूंच्या ताकदीच्या तपासणीला सर्वात जास्त, साडेबत्तीस गुण. ‘ही किती बरी आहे’ या डॉक्टरांच्या मताला २०. त्याच प्रश्नावर रुग्णाच्या स्वतःच्या मताला १०. रोजची कामं किती जमतात याला आणखी १०, आणि तेही रुग्णच सांगतो. म्हणजे वीसच झाले म्हणा, पण दोन ठिकाणी वाटून. मी हे आमच्या बाईला सांगितलं तर ती म्हणाली, ‘आमच्या घरात मला शून्य होते, दहा काय वाईट?’

ही रोजची कामं कुठली? मूळ प्रश्नावली १९८० ची, स्टॅनफर्डमध्ये तयार झालेली. मोटारीत चढता-उतरता येतं का, टबात आंघोळ करता येते का, असे प्रश्न. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांनी २००२ मध्ये तिचं भारतीय रूप तपासून प्रसिद्ध केलं. त्यात संडासात उकिडवं बसणं, मांडी घालणं, रिक्षात चढणं, भाजीबाजार करणं आलं. फार मोठं काम आहे हे. तरी हंडा त्यात नाही. मुलीची वेणी नाही, भाकरी थापणं नाही. आपण बायकांचे गट गावोगाव आहोत. आपल्या बायका दिवसभरात स्नायूंनी काय काय करतात याची यादी आपल्याइतकी चांगली कुणाकडे असेल?

व्यायामाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते फुकट आहे. पूर्वी डॉक्टर सांगायचे, स्नायू सुजलेत, हलू नका. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत हेलेने अलेक्झांडरसन या फिजिओथेरपिस्ट बाईंनी १९९९–२००० च्या सुमारास हे तपासून पाहिलं. घरच्या घरी पंधरा मिनिटं व्यायाम, पंधरा मिनिटं चालणं, आठवड्यातून पाच दिवस, बारा आठवडे. रुग्ण थोडेच होते, पण स्नायूंची सूज वाढली नाही आणि कामं जास्त जमू लागली. पुढे इतरांच्या अभ्यासांतही तेच दिसत गेलं. आता व्यायाम उपचारातच धरतात.

हे मी एका गावात सांगितलं तर सासूबाई लगेच म्हणाल्या, ‘मग आमच्याकडे व्यायाम काय कमी आहे, धुणी आहेत, पाणी आहे.’ नाही. व्यायाम म्हणजे थकायच्या आत थांबता येतं ते, आणि धुणं अर्ध्यावर सोडता येत नाही. हा फरक फिजिओथेरपिस्टच्या चिठ्ठीवर लिहून घेतला तर घरात जास्त चालतो, असा माझा अनुभव आहे. बाईच्या शब्दापेक्षा चिठ्ठी मोठी, वाईट वाटतं पण वापरून घ्या.

पैशाचं बोलायलाच हवं. मघाशी सांगितलेल्या प्रतिद्रव्याचं प्रमाण किलोमागे दोन ग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला एका खेपेला शंभर ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या, दर चार आठवड्यांनी. मजुरी करणाऱ्या घरानं हे कुठून आणायचं? आणि नवऱ्याला हा आजार झाला असता तर जमीन विकली असती, बाईसाठी विकतील का, हा प्रश्न मी फक्त इथे, आपल्यातच विचारते. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जाऊन कुठल्या योजनेत, कुठल्या ट्रस्टमधून काय बसतं ते चिकाटीनं विचारा. नाही म्हणाले तर लेखी मागा.

आणखी एक बातमी जर्मनीतल्या एर्लांगेनची. रुग्णाच्याच रक्तातल्या काही पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत बदलायच्या आणि परत सोडायच्या, म्हणजे त्या बिघडलेल्या फौजेचा बंदोबस्त करतात. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी १५ रुग्णांचा अहवाल दिला. आठ ल्युपसचे, चार स्क्लेरोडर्माचे, तीन मायोसायटिसचे. तिघांतही मोठी सुधारणा झाली आणि सगळ्या पंधरा जणांची फौज दाबणारी औषधं बंद करता आली. तीन म्हणजे तीनच, हे विसरू नका. अशाच पद्धतीचा उपचार मुंबईच्या आय.आय.टी.नं टाटा रुग्णालयाबरोबर तयार केला आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला परवानगीही मिळाली, पण ती रक्ताच्या कर्करोगासाठी. आपल्या बायकांना उद्या हे मिळेल अशी आशा लावू नका.

एक गोष्ट मात्र आजच सांगा. मोठ्या वयात डर्मॅटोमायोसायटिस झाला तर कधी कधी त्यामागे कर्करोग असतो, त्यात अंडाशयाचा आणि स्तनाचाही. कुणाला किती तपासण्या करायच्या याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं २०२३ मध्ये आली आहेत. घरचे म्हणतात, औषध चालू झालं ना, आता आणखी कशाला. तिथे आपण उभं राहायचं. आणि गिळताना ठसका, पाणी नाकातून येणं, दम लागणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट न पाहता त्याच दिवशी मोठं रुग्णालय.

आमची बाई आता मुलीची वेणी घालते. एका दमात नाही, मध्ये हात खाली घेऊन. पाणी नवरा भरतो, कौतुकानं नव्हे, हमीपत्रात ते कलम आम्ही नव्यानं घातलंय म्हणून. स्टेरॉइड बरंच उतरलंय, तोंडाची सूज थोडी आहे.

आमच्या केंद्राच्या केस पेपरवर आम्ही आता तीन प्रश्न वाढवलेत. जमिनीवरून हात न टेकता उठता येतं का? डोक्यावरून हात नेऊन केस विंचरता येतात का? गिळायला त्रास होतो का? नुसतं विचारायचं नाही, पहिली दोन करून बघायला सांगायचं. नैराश्य असेल तर असेल, तेही लिहा. पण आधी हे.

आता जेवणाची घंटा व्हायला पाच मिनिटं आहेत. सगळ्याजणी सतरंजीवर मांडी घालून बसलेल्याच आहात. गुडघे दुखणाऱ्यांनी बसून राहिलं तरी चालेल. बाकीच्यांनी हात छातीशी घ्या, आणि कशाचाही आधार न घेता उठून दाखवा पाहू.